प्रेमाताईचं बक्षीसपत्र

श्रीमंतांचे फार हाल असतात हो. मला हे आधी ठाऊक नव्हतं. मी भांडुपला राहते, घरात मशीन टाकून ब्लाउज शिवते, मोठ्या लोकांच्या दुःखाशी माझा संबंध येणार कुठून? पण समोरच्या दारातली प्रेमाताई पवईला एका शेठकडे स्वयंपाकाला जायची. संध्याकाळी घरी आली की चहाचा कप घेऊन माझ्या मशीनपाशी बसायची आणि तिकडचे हाल सांगायची. तेव्हा कुठे मला कळलं, की माणसाकडे तलाव दिसणारे तीन-तीन फ्लॅट असले की त्या बिचाऱ्याला जेवणसुद्धा गोड लागत नाही.

मागच्या लोकसभेच्या वेळी टीव्हीवर वारसा कराची चर्चा पेटली होती, आठवतंय ना? मोठी इस्टेट बापाकडून पोरांकडे जाताना सरकारने त्यातला वाटा घ्यावा की नाही, यावर चार-चार माणसं एकदम ओरडत होती. आपल्याकडे असा कर पूर्वी होता म्हणे, पंच्याऐंशी साली काढून टाकला. तो परत आणायचं कोणी नुसतं तोंडातून काढलं, तर पवईत शेठच्या घरी सुतक पडल्यासारखं झालं. शेठ स्वयंपाकघराच्या दारात येऊन प्रेमाताईलाच विचारायला लागले, "मेहनतीने कमावलं, कर भरून कमावलं. आता पोराला द्यायचं तर परत कर? हा न्याय आहे का, प्रेमाबाई?" प्रेमाताई पोळी लाटता लाटता म्हणाली, "नाय ओ, शेठ." मेहनत नेमकी कोणाची, हे काही तिने विचारलं नाही. तेवढी रीतभात तिला होती.

शेठचं सोडा, आमची बिल्डिंग बघा. ज्यांच्याकडे पोरांना द्यायला एक वन-रूम-किचन, एक मिक्सर आणि मेंटेनन्सची थकबाकी, ते सगळे सोसायटीच्या ग्रुपवर मुठी आवळून लिहीत होते, वारसा कर येऊ देणार नाही! दुसऱ्या मजल्यावरचा एक जण जिन्यात मला अडवून म्हणाला, "जयाताई, आपल्या बापजाद्यांच्या कमाईवर यांचा डोळा आहे." त्याच्या बापाने मागे काय ठेवलंय ते मला चांगलं माहीत आहे. दोन बायका आणि वाण्याची उधारी. म्हटलं, जा बाबा, सांभाळ नीट.

शेठ मात्र नुसते ओरडत बसणारे नव्हते. त्यांनी सीएला बोलावलं आणि जिवंतपणीच सगळं देऊन टाकायचं ठरवलं. दोन फ्लॅट मुलाला, म्हणजे मिहिरला, आणि तिसरा मिहिरच्या पोराला, ज्याला अजून लंगोट लागतो. अशा देण्याला बक्षीसपत्र म्हणतात. बक्षीस म्हटलं की आपल्याला वाटतं कोणी शर्यत-बिर्यत जिंकली असेल, तर तसं काही नाही, जन्माला आलं की पुरतं. रजिस्ट्रेशन ऑफिसात साक्षीदार म्हणून त्यांनी ड्रायव्हरला नेलं आणि प्रेमाताईला नेलं.

तिथे प्रेमाताईने स्वतःच्या कानांनी ऐकलं. राहण्याचं घर मुलाला, मुलीला, नातवंडाला बक्षीस दिलं तर मुद्रांक दोनशे रुपयांचा. फ्लॅट दहा लाखांचा असो की दहा कोटींचा, दोनशे म्हणजे दोनशे. वर आणखी उपकर-बिपकर काय असेल तो असेल, पण ती एवढंच ऐकून हरखली. घरी येऊन चप्पलसुद्धा न काढता माझ्या दारात उभी. "जया, दोनशे रुपये गो! सरकार इतक्या चांगला आसा, माका म्हायतच नव्हता."

ती का हरखली ते सांगायला हवं. प्रेमाताई कणकवलीकडची. लग्न करून मुंबईला आली तेव्हा नवरा गिरणीत होता. मग गिरणी बंद पडली, नवरा घरात बसला आणि बसल्याबसल्याच खंगून गेला. मूलबाळ नाही. सासरच्यांनी बाराव्याचं जेवण जेवून जे हात धुतले ते धुतलेच. प्रेमाताईने पोळ्या लाटून, डबे करून, लग्नाच्या घरी वडे तळून हे घर घेतलं. स्वतःच्या नावावर. दारावरची नावाची पाटी तिने घराआधी करून घेतली होती, हे ती स्वतःच हसत सांगायची.

तिचा धाकटा भाऊ जयवंत कांदिवलीला एका टॉवरमध्ये वॉचमन आहे. त्याची बायको गेली तेव्हा पोरगी, श्रुतिका, चार वर्षांची होती. त्याची रात्रपाळी, राहायला जिन्याखालची खोली. गावाला दिवसकार्य झाल्यावर सगळ्या भावकीसमोर त्याने पोरीला उचललं, नारळ ठेवला आणि प्रेमाताईच्या ओटीत घातलं. "आजपासून तुजी," म्हणाला आणि परड्यात जाऊन रडत बसला. पोरगी भांडुपला आली ती इथलीच झाली. तिचा ताप, तिची शाळा, तिच्या परीक्षा, सगळं प्रेमाताईने काढलं. आज ती घाटकोपरला एका लॅबमध्ये रक्त तपासते.

पण प्रेमाताईचा एक हट्ट होता. स्वतःला कधी आई म्हणवून घेतलं नाही. आत्याच. शाळेत नाव बापाचं, आधारवर बापाचं, सगळीकडे बापाचं. मी एकदा म्हटलं, "अगं, दत्तक घेऊन टाक ना रीतसर." तर माझ्यावरच उखडली. "तेची बायको गेली, आता चेडू पण काढून घेव? जीव देईत तो." जयवंत दर रविवारी कांदिवलीहून पिशवीत मासळी घेऊन यायचा. मासळीवाली त्याला दर रविवारी फसवायची. शिळी मांदेली घेऊन हा ऐटीत दारातून ओरडणार, "श्रुती, बापूस इलो तुजो!" आणि सबंध मजल्याला कळणार. त्या माणसाजवळ मिरवायला जगात दुसरं काही नव्हतं.

तर असं सगळं छान चाललं होतं, आणि मग नीलेश उगवला. नीलेश म्हणजे प्रेमाताईच्या दिराचा मुलगा. इतक्या वर्षांत ज्याला काकीचा पत्ता सापडला नव्हता, त्याला भांडुपचे भाव वाढल्यावर बरोबर सापडला. आला, पाया पडला, चहा प्यायला, आणि टाइल्सवर पाय घासत म्हणाला, "काकी, चटईक्षेत्र किती असेल गं?" जाताना म्हणाला, "काळजी करू नकोस, तुझ्यामागे आम्ही आहोत ना." खरंच होते. मुलंबाळं नसलेली विधवा काही कागद न करता गेली, तर तिने स्वतःच्या घामाने घेतलेलं घरसुद्धा आधी नवऱ्याच्या माणसांकडे जातं. कायदाच आहे तसा. मी म्हटलं, वा! तळायला प्रेमाताई, खायला नीलेश. तेव्हापासून प्रेमाताईची झोप उडाली होती. मी उद्या डोळे मिटले तर पोरीला जिन्यात उभी करतील, एवढं एकच तिच्या डोक्यात.

म्हणून ते दोनशे रुपये ऐकून तिला आभाळ ठेंगणं झालं. तिला वाटलं, शेठला नियम तोच आपल्याला. या बाईने आदल्या दिवशीच पेढे आणून ठेवले. मला म्हणाली, चल सोबत. ठेवणीतली इरकल नेसली, पोरीला रजा घ्यायला लावली आणि आम्ही तिघी रजिस्ट्रेशन ऑफिसला गेलो.

खिडकीतला माणूस वाईट नव्हता. त्याने शांतपणे विचारलं, "मुलगी तुमची?"

"माजीच," प्रेमाताई म्हणाली.

"आधारवर तर वडिलांचं नाव जयवंत आहे. तुमच्या मिस्टरांचं वेगळं दिसतंय."

"भावाची ओ. भाची माझी. चार वर्षांची असल्यापासून मीच वाढवलीय."

"मग दोनशे नाही होणार, मावशी. मुलगा, मुलगी, नातू, नात, अशी ठरलेली नाती आहेत. भाची त्यात बसत नाही. तुम्हाला पूर्ण मुद्रांक लागेल, बाहेरच्या माणसाला देताना लागतो तसा." त्याने हिशेब करून कागदावर आकडा लिहिला. सगळं धरून तीन लाखांच्या घरात.

माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "अहो साहेब, पवईचा एक लंगोटातला मालक परवा इथूनच दोनशे रुपयांत फ्लॅट घेऊन गेला. त्याला अजून फ्लॅट म्हणता येत नाही! आणि हिने जिला शेंबूड पुसण्यापासून वाढवली, ती बाहेरची?" मागे रांगेतली माणसं हसली. तो म्हणाला, "बाई, नियम मी नाही केला." तेही खरंच. जो करतो तो कधी खिडकीत बसत नाही.

प्रेमाताईने पेढ्यांचा बॉक्स पिशवीत परत घातला. गुडघ्याच्या ऑपरेशनात तिची पुंजी संपली होती, तीन लाख कुठून आणणार? रिक्षात बसल्यावर एवढंच म्हणाली, "शेठ म्हणत होते तां खरा गो. पोरांक देताना कर घेणा बरा नाय."

मुलुंडची रुचिरा नावाची एक वकील माझ्याकडून ब्लाउज शिवून घेते. चांगली मुलगी आहे, मापाला येताना वेळेवर येते. मी दोघींना तशाच तिच्याकडे नेलं. रुचिरा म्हणाली, मृत्युपत्र करता येईल, पण हा नीलेश कोर्टात जाणार आणि मग श्रुतिका ऐन उमेदीत तारखांना हेलपाटे घालणार. त्यापेक्षा हयातीतच देऊन टाकलेलं बरं. मग तिने सहज विचारलं, "मुलगी तुमच्याकडे आली तेव्हा काही विधी वगैरे केला होता का?"

"विधी कसलो? ओटीत घातली," प्रेमाताई म्हणाली. "नारळ ठेवून. भावकीसमोर."

रुचिराने पेन खाली ठेवलं. "अहो, मग तेच तर दत्तक! बापाने सगळ्यांसमोर दिली, तुम्ही घेतली. कायद्याला एवढंच लागतं. आता त्याचा कागद करू, देणारा म्हणून भाऊ सही करेल, घेणारी म्हणून तुम्ही. श्रुतिका कायद्याने तुमची मुलगी. मग बक्षीसपत्र करा, दोनशे रुपयांत."

माझा जीव भांड्यात पडला. मी तर तिथेच पेढ्यांचा बॉक्स काढायला लावणार होते. वाटलं, चला, एकदा तरी आपल्या लोकांच्या रीतीला सरकारदरबारी किंमत आली.

रविवारी जयवंत आला. दारातून नेहमीसारखा ओरडला, पिशवी मोरीत ठेवली. प्रेमाताईच्याने सांगवेना, म्हणून मीच सांगितलं. त्याने सगळं नीट ऐकून घेतलं. मान डोलावली. मग म्हणाला, "कागद झाल्यार ती ताईची मुलगी."

"हो."

"मगे मी कोण?"

मी मूर्ख. हसत हसत म्हणाले, "तू काय, आईचा भाऊ. मामा!"

तो मोरीत जाऊन मासळी धुवायला लागला. नळ किती वेळ चालू होता, पण त्या दिवशी कोणी पाण्यावरून त्याला बोललं नाही.

प्रेमाताईने जेवताना सांगून टाकलं. "माका नको तो कागद. घर देवचा म्हणान बापूस काढून घेवचो? मरांदे तां घर." श्रुतिका म्हणाली, "आत्या, मलाही नको. मी भाड्याने राहीन." लगेच प्रेमाताई तिच्यावर ओरडली, "खुळी काय तू? भाड्याने राहीन म्हणे! माज्या वड्यांच्या पैशात नीलेश झोपतलो आणि तू दारोदार फिरतलंस?" मग दोघी रडल्या. जयवंत खाली मान घालून भात कालवत राहिला, एक घास काही तोंडात घातला नाही.

मला सांगा, मिहिरला कोणी विचारलं होतं का, की बाबा रे, एक तर घर घे नाहीतर बाप ठेव? शेठच्या सीएने कधी सांगितलं का, की दोनशे रुपयांची सवलत पाहिजे असेल तर आधी पोराला पोर म्हणणं सोडा? त्यांना घरही मिळालं, बापही मिळाला, वर घरी मोठी पार्टीही झाली. त्या पार्टीला सोलकढी प्रेमाताईनेच केली होती. आणि एवढं होऊन हाल कोणाचे? त्यांचेच! टीव्हीवर रोज येत होते.

मधल्या वारी, भरदुपारी, जयवंत आला. युनिफॉर्मवरच. हातात पिशवी नव्हती. दारातून ओरडला नाही, बेल वाजवली. प्रेमाताईने दार उघडलं तर म्हणाला, "सही कधी करूची?"

"जयवंता, नको रे."

"ताई, मी तिका आजपर्यंत काय दिलंय? मांदेली. तीव शिळी." त्याला माहीत होतं तर. "एक वस्तू माज्याकडे देण्यासारखी आसा, ती दितंय. आता अडवू नको."

ठरल्या दिवशी आम्ही सगळे परत त्याच ऑफिसात. जयवंतने दाढी केली होती, ड्युटीचे बूट पॉलिश केले होते. पहिल्यांदा दत्तकाचा कागद झाला. साहेबांनी विचारलं, "तुम्ही राजीखुशीने मुलगी दिलीत?" तो सलाम ठोकल्यासारखा ताठ उभा राहिला आणि म्हणाला, "होय साहेब, दिलंय." अंगठा लावला, सही केली, कॅमेऱ्यासमोर फोटो काढला. फोटोत हसायचं असतं असं त्याला वाटलं असावं. हसला.

मग बक्षीसपत्राची पाळी. त्याला साक्षीदार म्हणून जयवंतच पुढे. खिडकीतल्या माणसाने मान वर न करता विचारलं, "साक्षीदार मुलीचे कोण?"

श्रुतिका बाजूलाच उभी होती. तिने बापाकडे बघितलं. प्रेमाताईने माझा दंड असा धरला की वळ उठला. तो माणूस परत म्हणाला, "कोण लागतात हे तुमचे?"

"मामा," जयवंतच म्हणाला. मोठ्याने म्हणाला, सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं. "मी तिचो मामा."

त्या माणसाने ते लिहून घेतलं. शिक्का मारला. झालं. घर श्रुतिकाचं झालं, नीलेशच्या तोंडाला पानं पुसली, मुद्रांक दोनशेचा. सरकारचा कायदा गरीब-श्रीमंत सगळ्यांना सारखाच आहे हो, उगाच लोक नावं ठेवतात. मला त्या खोलीत इतका राग आला की रडूच यायला लागलं, आणि रडायला तिथे जागा नव्हती, रांग होती.

बाहेर जिन्यापाशी आलो. जयवंत पुढे एकटाच उतरत होता, पाहुण्यासारखा. श्रुतिका धावत गेली, तिने त्याचा हात धरला आणि म्हणाली, "बाबा, थांबा ना."

तो दचकला. त्याने वर ऑफिसच्या दाराकडे बघितलं, मग रांगेतल्या माणसांकडे बघितलं, आणि तिच्या कानाशी वाकून म्हणाला, "हळू बोल गो, बाय. कोणी आयकलान तर कागद रद्द करतीत."